जोडावरचा ब्रश

मेरीपोर्ट,
११ ऑक्टोबर १९८१

ऑलिव्ह,

तुझं पत्र आणि मुलांचे फोटो मिळाले. धाकटा अगदी बापावर गेलाय, त्याला आता इलाज नाही. तू विचारलंस म्हणून सांगते, बाबा बरे नाहीत.

छातीचं तेच जुनं. पण या वेळी डॉक्टर घरी आले आणि बाबांना तपासायच्या आधी त्यांनी खोली तपासली. पलंगामागच्या भिंतीवर हात फिरवला तर हात ओला. कोपऱ्यात काळी बुरशी. ती मी दर शनिवारी ब्लीचने पुसते आणि पुढच्या शनिवारी ती परत तिथेच. मला जिन्यात नेऊन म्हणाले, "मिसेस बर्केट, आणखी एक हिवाळा या खोलीत काढला तर पुढचं मला सांगता येत नाही. घर ऊबदार करा, नाहीतर मी त्यांचं नाव टेकडीवरच्या वृद्धाश्रमात देतो." बाबांनी दाराआडून सगळं ऐकलं. म्हणाले, "तिकडे न्यायचं तर खोक्यात घालून न्या." जन्मभर पोलादाच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस घरात ओव्हरकोट घालून बसतो. बघवत नाही.

म्हणून मी भिंती भरणाऱ्या माणसाला बोलावलं. डेस्मंड नाव, कार्लाइलचा, दारातून आडवा होऊन आत आला एवढा जाड. आपल्या या घरांच्या बाहेरच्या भिंती म्हणजे विटांच्या दोन भिंती आणि मधे तीन बोटं पोकळी. तुला आठवतं ना, त्यात उंदरांचं गाव आहे असं तू सांगायचीस. तर त्या पोकळीत थर्माकोलचे बारीक दाणे भरतात. बाहेरून भोकं पाडायची, नळीने दाणे फुंकायचे, भोकं बुजवायची, संपलं. दिवसभराचं काम.

बाबा अर्धं ऐकेपर्यंत ठीक होते. मान डोलवत होते. मग त्या डेस्मंडला चेव चढला. "आणि आजोबा, ऊब तर येईलच, वर शांतता फुकट. एकदा भिंत भरली की काही म्हणजे काही ऐकू येणार नाही तुम्हाला. देवळात बसल्यासारखं." बाबा उठले. म्हणाले, "चहा संपला असेल तर दार तिकडे आहे."

मी म्हटलं, "झालं काय?"

"घराला श्वास घ्यायला जागा लागते."

"घराला लागते. तुम्हाला नको?"

त्यांनी पेपर तोंडासमोर धरला, तोही कालचा. तूच लिही त्यांना. तू लांब आहेस, म्हणून तुला अक्कल आहे असं त्यांना वाटतं. मी शेजारी राहते, म्हणजे मी त्यांच्या डोक्याला ताप.

आणि ते ठोकणं अजून चालू आहे. आई कशी सकाळी शेगडीतली राख काढली की सळईने शेगडीमागच्या, दोन्ही घरांमधल्या भिंतीवर ठोकायची आणि मी इकडून माझ्या शेगडीत ठोकून उत्तर द्यायची, ते आता बाबांनी धरलंय. मी लगेच उत्तर दिलं नाही की परत ठोकतात. इकडे माझं दूध उतू जातंय, क्लिफला कामावर जायचंय, मी हातातला कालथा आपटते भिंतीवर. मेलं एकदाचं.

एडना

---

हॅमिल्टन, ओंटारिओ,
२७ ऑक्टोबर

प्रिय एडना,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. बाबांना लगेच लिहिलं. इथे भिंतीत काही न भरता कुणी घर बांधतच नाही, गोधडीसारखं भरतात. बाहेर बर्फ गुडघाभर असतो आणि मुलं घरात अनवाणी फिरतात, हे सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: "तुमची घरं लाकडाची आहेत. आमचं बरं चाललंय. मुलांना पापे." एवढंच.

माझ्या मनात एक आलंय, रागावू नकोस. हिवाळ्यापुरतं त्यांना इकडे पाठव. खालची खोली रिकामी आहे. इथले डॉक्टर चांगले आहेत. विमानात त्यांच्याकडे बघायला मी कुणाला तरी सांगेन. तू एवढी वर्षं एकटीने बघितलंस, आता माझी पाळी असं समज.

आणि एडना, त्यांना परत एकदा विचार. पण न ओरडता. तुझं विचारणंसुद्धा भांडणासारखं ऐकू येतं, हे तुला कुणीतरी सांगायला हवं आणि नवरा असून क्लिफची हिंमत होणार नाही.

तुझी,
ऑलिव्ह

---

मेरीपोर्ट,
१५ नोव्हेंबर

ऑलिव्ह,

बाबा कॅनडाला येणार नाहीत. ते कार्लाइललासुद्धा जात नाहीत, तिथलं पाणी मानवत नाही म्हणून. आणि पाळीबिळी काही नाही. मी कंटाळले असं कधी म्हटलं? बडबड करते ती करते. तो विषय बंद.

न ओरडता विचारलं. इतक्या हळू विचारलं की ते म्हणाले, "तुला बरं नाही का?" आणि नाही ते नाहीच.

आता नीट वाच आणि वाचून झालं की कागद जाळ.

मी डेस्मंडला परत बोलावलं. माझ्या घरासाठी. माझी भिंत, माझी मर्जी. तो बाहेरून बघत बघत दोन्ही घरं जिथे जोडली आहेत तिथे आला आणि म्हणाला, इथे आधी ब्रश सोडावा लागेल. मी म्हटलं, कसला ब्रश? तर बाटली धुवायचा असतो तसाच, पण घराएवढा उंच. जोडघरात एकाच घराची भिंत भरायची असली की तो जोडावर पोकळीत वरपासून खालपर्यंत उभा सोडतात. कारण बाहेरच्या भिंतीतली पोकळी दोन्ही घरांना सलग एकच. ब्रश नसला तर दाणे पाण्यासारखे वाहत शेजाऱ्याच्या भिंतीत जातात.

मी म्हटलं, "किती जातात?"

"जोडाजवळ वरपर्यंत, मग उतरत उतरत. टोकाच्या भिंतीपर्यंत नाही पोचायचे. पण अर्ध्याहून जास्त दर्शनी भिंत आणि तेवढीच मागची, सहज."

बाबांची खुर्ची कुठे असते? जोडाजवळ. पलंग? त्याच्याच वर. मी म्हटलं, "ब्रश सोडू नका."

त्याचा चेहरा बघायला हवा होतास. "बाई, शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय? मालक माझी कातडी सोलेल."

"शेजारी नाही, माझा बाप आहे."

"तो तर फारच वाईट शेजारी. त्याने मला हाकललंय."

मी त्याला जेवायला बसवलं. मटण, बटाटा, रक्ताचं सॉसेज, सगळं एका भांड्यात रात्रभर मंद आचेवर, आईच्या पद्धतीने. वर लाल कोबीचं लोणचं. जेवताना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. भिंतीवर हात फिरवला तर हात ओला होतो, तेही सांगितलं. दुसऱ्यांदा वाढलं. तो ताट पुसत म्हणाला, "त्या बाजूची भिंतही आतून बघावी लागेल. तडा असला किंवा आत राडारोडा असला तर मी करणार नाही, कितीही मटण घाला." जोडावरच्या भोकातून दिवा आणि आरसा घालून दोन्हीकडे बघितलं. भिंत स्वच्छ. म्हणाला, "माझं वय झालंय. कधी कधी ब्रश गाडीतच विसरतो."

क्लिफ म्हणाला, हे काही बरोबर नाही. मी म्हटलं, तू जेव.

तर बुधवारी काम झालं. बाबा दिवसभर आपल्या खिडकीत ओव्हरकोट घालून, हाताची घडी घालून उभे. कुणी त्यांच्या भिंतीला भोक पाडतंय का यावर पहारा. आणि त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर भिंतीच्या आतून दाणे वाहत होते. डेस्मंडने ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त पोती रिकामी केली. बाबा मला खिडकीतून ओरडून म्हणाले, "तुझं घर पितं तरी किती?" मी म्हटलं, "तहानलंय."

मी हसले नाही. आत येऊन मात्र जिन्यावर बसून हसून घेतलं.

त्यांना कळता कामा नये. कळलं तर माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत. तू काही बोललीस तर मी विमानात बसून येईन, आणि पापे द्यायला नाही.

एडना

---

हॅमिल्टन,
२ डिसेंबर

प्रिय एडना,

कागद जाळला. त्याआधी तीनदा वाचला.

माझ्या नवऱ्याला सांगितलं, तो म्हणतो याला चोरी म्हणायचं की उलटी चोरी. मी काही बोलणार नाही. पण तुला भीती नाही वाटत? उद्या कळलं आणि त्या रागात त्यांनी तो सळईचा आवाजसुद्धा बंद केला तर?

ऊब आली का ते कळव. इथे नाताळचं सामान आलंय आणि मला सारखी ती ओली भिंत दिसते.

तुझी,
ऑलिव्ह

---

मेरीपोर्ट,
१७ जानेवारी १९८२

ऑलिव्ह,

टपाल बंद होतं. असा बर्फ मी जन्मात बघितला नाही. बंदरात बोटींचे दोर काठीसारखे ताठ, दारातलं दूध गोठून बाटलीतून टोपी घेऊन वर आलेलं. रस्त्यावर निम्म्या घरांचे नळ फुटले. क्लिफची दुधाची लॉरी तीन गावं सोडून अडकली आणि तो चालत आला, मिशीला बर्फ.

आता बाबांचं. गेल्या शुक्रवारी सकाळी सळईचा आवाज आला नाही.

मी आधी लक्ष दिलं नाही. चहा ओतला. मग कप खाली ठेवला. त्या घरात भट्टीची पाळी सुटून इतकी वर्षं झाली तरी माणूस अजून पहाटे उठतो, तुला माहीत आहे. मी माझ्या बाजूने ठोकलं. काही नाही. परत ठोकलं, हातोडीने. काही नाही.

मी डोक्याला केस कुरळे करायच्या पिना, पायात क्लिफचे बूट, तशीच मागच्या अंगणातून धावले. एकदा पडले. त्यांचं मागचं दार गोठून बसलेलं, ते खांद्याने उघडलं. शेगडीत राख तशीच. वर जाताना जिन्यावर मी काय काय कबूल केलं देवाला, ते तुला सांगणार नाही. तुला बोलावून घ्यायचं, कॉफिन कुणाकडून, सगळं डोक्यात येऊन गेलं. आणि शिवाय, ऑलिव्ह, म्हटलं त्या दाण्यांनी काही झालं असेल तर? मीच काही केलं असेल तर?

म्हातारा झोपला होता.

पाठीवर, तोंड उघडं, घोरत. ओव्हरकोट खुर्चीवर. त्या ओव्हरकोटाशिवाय ते नाताळपर्यंत झोपले नव्हते. पांघरुणातून एक पाय बाहेर. खोकला नाही. मी पलंगामागच्या भिंतीला हात लावला. कोरडी. गरम नाही, पण कोरडी, भाकरी निवल्यासारखी.

त्यांनी डोळे उघडले. "काय गं, आग लागली का?"

"झोपला होतात."

"मग? माणसं झोपतात."

"सळई नाही वाजवली."

"तू तर म्हणतेस डोक्याला ताप आहे."

मी खाली जाऊन शेगडी पेटवली, अंडी उकडली आणि त्यांना चांगलं सुनावलं. दुपारी डॉक्टर आले, छाती ऐकली, भिंत बघितली. म्हणाले, वृद्धाश्रमाचं राहू दे. आता ऐक, बाबा डॉक्टरांना काय सांगतात: "आमची पोरगी भिंतीत काय काय कोंबायला निघाली होती. बघा, काही न कोंबता कसं आहे. जुनं बांधकाम." मी चहाचा ट्रे धरून उभी. जीभ चावली, अगदी खरोखर.

असू दे. फुशारकी मारू दे. जिवंत माणूसच मारतो.

एडना

---

मेरीपोर्ट,
३१ जानेवारी

पोरी ऑलिव्ह,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. हे एडनाला दाखवायचं नाही आणि सांगायचंही नाही.

बर्फात स्वयंपाकघरातला नळ गोठला. पाइप भिंतीतून जिथे आत येतो तिथल्या फटीत कोंबलेलं चिंधुक मी काढलं, गरम पाण्याचा कपडा लावावा म्हणून. तर भोकातून पांढरे दाणे आले. भुरूभुरू. थांबेनात. माझे पाय बुडाले. मी आधी घाबरलो, मग बोटाने उचलून बघितले, आणि मग तिची ती पोती आठवली. हसता हसता खोकला आला, म्हणून खाली बसलो त्या दाण्यांतच. चिंधुक परत कोंबलं, झाडून सगळे तुझ्या आईच्या बिस्किटांच्या डब्यात भरले. तो कपाटावर आहे. एडनाचा हात तिथे स्टुलाशिवाय पोचत नाही.

तिला कळू देऊ नकोस की मला कळलंय. एवढं मोठं काम तिने गुपचूप केलं. तिच्याने कधी काही गुपचूप झालं नव्हतं. तिला त्याचा आनंद घेऊ दे. मी समोर जुन्या बांधकामाच्या गप्पा मारतो, तिचं तोंड कसं होतं ते बघण्यासारखं असतं.

तू मला तेव्हा विचारलं होतंस, नको का म्हणता. मी नीट सांगितलं नाही. तो जाडा म्हणाला ना, काही ऐकू येणार नाही. तुझी आई गेल्यापासून या घरात आवाज असा नाहीच. मी असा किती आवाज करणार. जो आहे तो भिंतीपलीकडचा. एडना सकाळी मांजरावर ओरडते. मग क्लिफवर. ताटं आदळते. रेडिओबरोबर म्हणते, सुरात नाही. सळई ठोकली आणि तिकडून तिने आपटलं की मी चहा ठेवतो. ते गेलं तर उबेत बसून करायचं काय, असं वाटलं.

पण ते गेलं नाही. सगळं तसंच ऐकू येतं. दाणे बाहेरच्या भिंतीत आहेत, आमच्या मधली भिंत आहे तशीच आहे. हे मला आधी कळायला हवं होतं. मी भट्टीवरचा माणूस, विटांचं काय माहीत.

आता एक अडचण. टोकाची भिंत रिकामीच आहे. तुम्हा पोरींची ती लहान खोली बर्फाच्या पेटीसारखी आहे आणि तिथली ओल इकडे येते. तीही भरून घ्यावी असं वाटतं. पण कुठल्या तोंडाने मागू? जुनं बांधकाम म्हणून एवढं बोलून बसलो आहे. तुला सुचत असेल तर बघ.

छाती बरी आहे.

बाबा

---

हॅमिल्टन,
१४ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

हे पत्र एडनाला खुशाल दाखवा. दाखवाच.

आम्ही जुलैमध्ये मेरीपोर्टला येतो आहोत, तिकिटं बघतो आहोत. मुलांना आमच्या लहान खोलीत झोपायचंय, मी त्यांना उंदरांच्या गावाची गोष्ट सांगितली आहे. पण ती खोली मला आठवते तशी ओली असेल तर आम्हाला हॉटेलात उतरावं लागेल, धाकट्याची छाती तुमच्यासारखीच आहे. टोकाची भिंत भरून घ्या, बाबा. तुमच्यासाठी नको. नातवंडांसाठी. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही.

या घरात मी सोडून कुणी कुणाशी खरं बोलत नाही असं दिसतं, आणि आता मीही नाही.

तुमची,
ऑलिव्ह

ता. क. शेवटची ओळ कापून मग दाखवा.

---

मेरीपोर्ट,
२१ मार्च

ऑलिव्ह,

तू म्हणजे धन्य आहेस. मी घसा कोरडा केला, डॉक्टरांनी धमकी दिली, काही नाही. तू एक कागद पाठवलास आणि म्हातारा मागच्या दाराने तो नाचवत आला. "ऑलिव्ह म्हणते टोकाची भिंत भरून घ्या. आता तिचं मन कसं मोडायचं?" कागद खालून कातरीने कापलेला होता. काय होतं तिथे म्हणून विचारलं, तर म्हणाले चहा सांडला होता. चहा सांडला म्हणून कुणी कागद कापतं?

तर डेस्मंड काल येऊन गेला. मला बघून आधी मटणाचं विचारलं, मग भिंतीचं. बाबा बाहेर उभे, अंगात नुसता स्वेटर. शिडी धरायला गेले, मी ओरडले, तरी धरली. काम उरकलं, मी चहाचा ट्रे घेऊन कोपऱ्यावरून येत होते. त्यांना मी दिसले नव्हते.

बाबा त्याला म्हणत होते, "काय रे, तू तर म्हणाला होतास भिंत भरली की काही ऐकू येणार नाही. सगळा हिवाळा गेला, मला तिचं सगळं ऐकू येतं. अगदी चमचासुद्धा."

डेस्मंडचे कान लाल झाले. कारण सगळा हिवाळा बाबांची भिंत रिकामी होती ना, जगासाठी तरी. तो म्हणाला, "ते मी रस्त्यावरच्या आवाजाचं म्हणालो होतो, आजोबा. तुमच्या दोघांच्या मधली भिंत भरीव विटांची आहे. तिच्यात भरायला जागाच नाही."

"मग हे त्याच दिवशी नीट सांगायला तुझं काय जात होतं?" बाबा म्हणाले. "मी तुला हाकललं नसतं."

मी तशीच मागे फिरले. चहा गार झाला, दुसरा केला, तो नेला आणि डेस्मंडला म्हटलं, पाय पुसल्याशिवाय आत येऊ नका.   बाबांना बिस्किटं हवीत का म्हटलं तर कपाटावरच्या आईच्या डब्याकडे बघून घाईने नको म्हणाले. तो डबा महिनाभर त्यांनी मला खाली काढू दिला नाही. विचारणार नाही. ठेवू दे त्यांना जे ठेवायचंय ते.

तुला सगळं माहीत होतं. ते जुलैत बघू.

आज सकाळी सळई वाजली. मी पहिल्याच वेळी उत्तर दिलं, कालथ्याने नाही, सळईने. मग भांडी घासायला घेतली. क्लिफ म्हणाला, "काय झालं तुला, एवढी का आपटतेस? डोकं दुखायला लागलं." मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही आपटत. आणि रेडिओ लावला, मोठ्याने.

त्यांना सांगू नकोस.

एडना